नऊ नंबरच्या लाइनीतली अक्का

वामन टिपणिसांनी बहिणीच्या पत्राला उत्तर पाठवलं नाही, म्हणून ती स्वतःच आली आणि नऊ नंबरच्या लाइनीत राहायला गेली.

पत्र श्रावणात आलं होतं. निळं इनलँड, त्यावर अक्काचं उभट अक्षर. 'चि. वामन यास अनेक आशीर्वाद. परत लिहिते आहे. लोखंडाच्या आत काय चाललं आहे ते तू बाहेरून सांगतोस, असं मी इथे सगळ्यांना सांगत असते. एकदा तुझं यंत्र घेऊन ये आणि मी अजून आत आहे का, तेवढं बघून सांग. येणं जमणार नसेल तर पत्राने कळव. बाकी ठीक. तुझी कुसुमअक्का.'

टिपणिसांनी ते वाचलं, घडी घातली आणि टेबलावरच्या लोखंडी ठोकळ्याखाली ठेवलं. हा ठोकळा ठरावीक जाडीचा होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते जाडी मोजायचं यंत्र, म्हणजे गेज, त्यावर लावून बघत. ठोकळ्याची जाडी बरोबर आली, म्हणजे यंत्र शुद्धीवर आहे असं समजायचं.

त्यांचं काम कारखान्यातल्या पाइपांची जाडी मोजण्याचं होतं. पाइप आतून झिजतो. बाहेरचा रंग तसाच तुकतुकीत राहतो, त्यामुळे बघून काही कळत नाही. रंग थोडा खरवडायचा, जेलचा ठिपका लावायचा आणि त्यावर गेजच्या वायरीला जोडलेला प्रोब टेकवायचा. माणसाला ऐकू न येणारा आवाज प्रोबमधून लोखंडात जातो, आतल्या कडेला आपटतो आणि परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून गेज जाडी दाखवतं. टिपणीस प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजत, आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला तरी त्याच्यापुढे 'अंदाजे' असं लिहीत. हाताखालची माणसं त्यांना मागून अंदाजे साहेब म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि नाव बरोबरच आहे असं वाटत होतं.

अशा माणसाने 'मी आत आहे का' या प्रश्नाला न मोजता काय उत्तर द्यायचं? यंत्र गेटबाहेर न्यायला अर्ज करावा लागे, आणि अर्जात कारण लिहावं लागे. कारण त्यांना सुचलं नाही. त्यांनी एक कोरं इनलँड आणलं, त्यावर अक्काचा पत्ता घातला आणि ते खिशात ठेवलं. शर्ट धुवायला पडला की इनलँड दुसऱ्या शर्टाच्या खिशात जाई. असे बरेच शर्ट झाले. भाऊबीजेला शटडाउनची तयारी निघाली, म्हणून जाणंही राहिलं.

शटडाउनमध्ये कारखाना बंद ठेवून सगळ्या पाइपांच्या लाइनी रिकाम्या करतात आणि तपासतात. पाइपांचे बोल्टने आवळलेले जोड, म्हणजे फ्लँज, उघडे असतात. अक्का त्याच आठवड्यात आली. गेटवर तिला पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट मिळालं. ते तिने अंबाड्यावर बसवलं आणि स्टोव्ह, वळकटी आणि पितळी डबा घेऊन ती नऊ नंबरच्या उघड्या फ्लँजमधून आत गेली. सरळ पाइपात वारा लागतो, म्हणून ती वळणावर राहिली.

यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. स्टोअरमधल्या एका कारकुनाचा मेहुणा मागे पावसाळाभर थंड पाण्याच्या लाइनीत राहिला होता. पण नऊ नंबरमधून आम्ल जात असे.

ही सगळी हकिकत टिपणिसांना परांची बांधणाऱ्या तांडेलकडून कळली, तीही शटडाउनच्या शेवटच्या दिवशी.

"साहेब, तुमच्या बहिणीनं मला आतून चहा विचारला," तांडेल म्हणाला. "घेऊ कुठून? फ्लँज तर मीच बंद केला."

"बंद का केलास?"

"कागद आला. कागद आला की मी बोल्ट आवळतो. आत कोण बसलंय ते कागदावर नसतं."

"तू बघितलं नाहीस?"

"बघितलं की. त्यांनी हात केला. मी पण केला. मग आवळले."

टिपणिसांनी घड्याळ बघितलं. चारचा भोंगा झाला की लाइन चालू होणार होती. भोंगा आणि नऊ नंबरचा व्हॉल्व्ह एकाच दोरीला बांधलेले होते. एक ओढलं की दुसरंही ओढलं जाई, आणि हे सोयीचं आहे असंच सगळे मानत.

ते गेज घेऊन परांचीवर चढले. फळीवर उभं राहिलं की वळण छातीशी येत होतं. पाइप वळतो तिथे आतलं आम्ल बाहेरच्या अंगाला घासत जातं आणि तिथेच जास्त झीज होते, म्हणून टिपणिसांनी बाहेरचं अंग निवडलं. रंग खरवडला. जेल लावलं. प्रोब टेकवला.

"वामन, परत सांगते, पाय पुसून ये," अक्का म्हणाली.

आवाज प्रोबच्या वायरीतून येत होता. पडद्यावर ३.२ हा आकडा होता.

"मी बाहेर आहे, अक्का."

"परत सांगते, बाहेर काय आणि आत काय. जेवलास का?"

"डबा आणलाय."

"परत सांगते, डब्यात गार झालेलं ते काय जेवण. मी पिठलं टाकलंय."

फोडणीचा वास येत होता. लाइनीला कुठेही भोक नव्हतं, तरी वास येत होता. टिपणिसांनी त्याची नोंद केली नाही, कारण वासासाठी रकाना नव्हता.

"अक्का, बाहेर ये. चारला इथून आम्ल सोडणार आहेत."

"परत सांगते, मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं की निघते."

"आत्ता तोंडी सांगतो."

"परत सांगते, तोंडी माणूस काहीही सांगतो. मी पोस्टाने विचारलं होतं."

हे तिचं पूर्वीपासूनचंच होतं. टिपणीस शिकायला बाहेर होते तेव्हा त्यांचं प्रत्येक पत्र अक्का मोठ्याने दोनदा वाचत असे. पहिल्यांदा भराभर, कुणी गेलंबिलं नाही ना ते बघायला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सावकाश, मजकुरासाठी. दुसरं वाचन संपेपर्यंत तिला कुणी हाक मारलेली चालत नसे. एकदा चुलीवर दूध उतू गेलं आणि विस्तव विझला, तरी ती 'कळावे' पर्यंत उठली नव्हती.

टिपणिसांनी आणखी दोनदा मोजलं. तिन्ही वेळा ३.२ आलं. किमान जाडी तीन मिलिमीटर हवी होती. म्हणजे वळण पास होतं. पास झालेल्या लाइनीला थांबवायला कारण लागतं, आणि त्यांच्याजवळ फक्त बहीण होती.

ते खाली उतरले आणि देवस्थळी मॅडमच्या केबिनकडे निघाले. शटडाउन मॅडमच्या देखरेखीखाली होता. वळणापासून केबिन अगदी जवळ, विडी संपायच्या आत पोचावं इतकी जवळ होती. पण लाइन सकाळपासून लांबत चालली होती आणि तिच्याबरोबर रस्ताही. लाइनीखालचे जे आधार पूर्वी हाताच्या अंतरावर होते, ते आता एकमेकांना दिसत नव्हते. मधल्या मोकळ्या जागेत गवत उगवलं होतं, आणि त्यात एक म्हैस बसली होती. टिपणीस चालत राहिले. मागून तांडेलही आला, कारण लांबलेल्या भागाला नवी परांची लागणार होती.

"तुम्ही सगळ्यांची मापं घेता," तांडेल चालताचालता म्हणाला. "स्वतःचं कधी घेतलंत?"

"नाही."

"मग घ्या की. रस्ता आहे अजून."

टिपणिसांनी मनगटावर जेल लावून प्रोब टेकवला. पडद्यावर तीन आडव्या रेघा आल्या. आवाज गेला पण परत आला नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्यांनी जागा बदलली. रेघाच आल्या.

"काय म्हणतंय?" तांडेलने विचारलं.

"जेल कमी पडलं असेल."

"असेल," तांडेल म्हणाला. तो चांगल्या स्वभावाचा होता.

केबिन सकाळपेक्षा अरुंद झाली होती. टेबल भिंतींना टेकलं होतं आणि देवस्थळी मॅडम टेबलापलीकडे अशा बसल्या होत्या, की त्यांना आता बाहेर पडता आलं नसतं. टिपणिसांना दारातच उभं राहावं लागलं. त्यांनी सांगितलं, नऊ नंबरच्या वळणावर माझी थोरली बहीण आहे.

"वळणाची जाडी?"

"तीन पॉइंट दोन."

"अंदाजे?"

"तीनदा तेवढीच आली."

"मग झालं तर." मॅडम समजुतीने बोलत होत्या. "टिपणीस, नातेवाईक लाइनीत असले तर काय करायचं, याचा आपल्याकडे नियम नाही. नियम जाडीचा आहे. मी करू तरी काय, सांगा."

मॅडमनी त्यांना एक वॉकीटॉकी दिला, कारण आता इतक्या लांबून पुन्हा येणं शक्य होणार नव्हतं. निघताना त्यांना मागे टेबल सरकल्याचा आवाज आला.

परत पोचले तेव्हा परांचीवर तीनऐवजी दोनच फळ्या होत्या. वरून जाणारी दुसरी लाइन खाली उतरली होती, त्यामुळे मान वाकवून उभं राहावं लागलं. तांडेलने वर बघितलं आणि म्हणाला, "मी तर एवढीच बांधली होती." ते खरं वाटत होतं.

टिपणिसांनी पुन्हा प्रोब लावला. काही मोजायचं उरलं नव्हतं. नुसतं बोलायचं होतं.

"अक्का."

"वामन, परत सांगते, मॅडम भली बाई आहे. तिच्यावर चिडू नकोस."

"मी चिडत नाही."

"परत सांगते, हे तुझं मला पहिल्यापासून कळत नाही."

टिपणिसांनी प्रोब पुन्हा नीट टेकवला. ते काही विचार करत होते असं नाही, पण हातात गेज असलं की कान आपोआप काम करत. अक्काचं प्रत्येक वाक्य 'परत सांगते' असं सुरू होत होतं. ती आधी कधी सांगत होती?

वळण फार पातळ झालं की गेजवर काम करणाऱ्या माणसाकडून एक चूक होते, आणि ती दुसऱ्या कुणाकडून होऊच शकत नाही. भिंत पातळ असल्यामुळे आवाज इतक्या लवकर परत येतो, की गेज तो ऐकायला अजून तयार झालेलं नसतं. पहिला आवाज हुकतो. मग तोच आवाज भिंतीत आणखी एकदा जाऊन येतो, आणि त्या दुसऱ्या येण्याला गेज पहिलं समजतं. जाडी दुप्पट दिसते. पाइप जितका फुटायला आलेला, तितका आकडा समाधानकारक. नव्या पोरांना टिपणीस हे पहिल्याच दिवशी शिकवत.

ते फळीवर बसले. बसायला एकच फळी होती.

'चि. वामन यास अनेक आशीर्वाद. परत लिहिते आहे.' पत्र त्यांना पाठ होतं. त्यातलं हे वाक्य त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं, पण पहिलं कधी लिहिलं होतं, असं विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. पहिलं पत्र आलं असणार. ते इतक्या जवळून आलं असणार, की त्यांना कळलंच नाही.

त्यांनी वॉकीटॉकी तोंडाजवळ धरला. "मॅडम, नऊ नंबरचं वळण एक पॉइंट सहा आहे."

"मघाशी तीन पॉइंट दोन म्हणालात."

"ते दुसऱ्यांदा आलेलं होतं. पहिलं माझ्याकडून हुकलं."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मॅडम काहीतरी चाळत असाव्यात, आणि त्यांना हात हलवायला जागा पुरत नसावी.

"पातळ असेल तर वळण कापावं लागेल. कापायचं तर 'आत कुणी नाही' अशी तुमची सही लागेल. द्याल?"

"आत आहे."

"मग कापता येणार नाही. आणि कापता येत नाही तोवर भोंगा ठरल्या वेळी होईल. तिला बाहेर काढा हो, टिपणीस. मी इथून काही करू शकत नाही. टेबल छातीला लागलंय."

तांडेल खालून ओरडला, "साहेब, पत्र लिहून टाका ना! चार ओळींचं तर काम."

टिपणिसांनी खिशातून इनलँड काढलं. पत्ता लिहिलेला होताच. फक्त गावाचं नाव पुसलं गेलं होतं आणि तिथे 'नऊ नंबर, वळण' असं अक्काच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते मांडीवर ठेवून ते लिहू लागले.

'ती. कुसुमअक्कास वामनचे सा. न. वि. वि. तुझी दोन्ही पत्रे पोचली.' इथे ते अडले. मग लिहिलं, 'तू बहुधा आत आहेस.' वाचून बघितलं. तीनदा वाचलं. इतक्या वर्षांत त्यांनी असा शब्द कधी खोडला नव्हता, त्यामुळे रेघ वाकडी आली. 'बहुधा' खोडला गेला. 'तू आत आहेस. भिंत पातळ झाली आहे, ती मला वाटली त्याच्या निम्मीच आहे. माझ्याबद्दल काही सांगता येत नाही, आवाज परत येत नाही. तरी तू बाहेर ये. मी दाराशी आहे. उशीर झाला. कळावे. वामन.'

त्यांनी कडा दुमडून चिकटवल्या. जीभ कोरडी होती, म्हणून थोडं जेल लावलं.

लिहीत असताना एका हाताने प्रोब वळणावर धरलेलाच होता. पडद्यावर आता ३.२ नव्हतं आणि १.६ही नव्हतं. ०.८ होतं. बघताबघता ०.४ झालं.

"तांडेल, फ्लँज उघड. पत्र टाकायचंय."

"कागद नाही, साहेब. कागद नसताना बोल्टला हात लावला, तर ते बोल्ट ओळख देत नाहीत." त्याने पाना लावून दाखवला. बोल्ट त्याच्याकडे बघत नव्हते.

"मग पोस्टाची पेटी?"

"गेटावर आहे. पण गेट आता..." तांडेलने लांब बघितलं. लाइन ज्या दिशेला गेली होती तिकडे खाडी होती, खाडीपलीकडे डोंगर होता, आणि लाइन डोंगराच्या खांद्यावरून पुढे गेली होती. "आजच्या आज नाही व्हायचं."

"वामन," अक्का म्हणाली, "परत सांगते, घाई नको. मी जागीच आहे."

फळी संपली होती. टिपणीस आता पाइपावरच बसले होते, दोन्ही बाजूंना पाय सोडून. वरची लाइन त्यांच्या पाठीला टेकली होती. सरकायला पुढे जागा नव्हती आणि मागेही नव्हती. पडद्यावर ०.२ आलं. मग ०.१.

एवढी जाडी त्यांना ओळखीची होती. एकदा काम नव्हतं तेव्हा त्यांनी हेच कोरं इनलँड मोजून बघितलं होतं. एका पदराची जाडी तेवढीच भरली होती.

त्यांनी प्रोब बाजूला केला. जेलच्या ओल्या ठिपक्यावर पत्राची कड ठेवली आणि हलकेच दाबली. लोखंडाने विरोध केला नाही. पत्राएवढीच रुंद फट पडली आणि तिच्यातून स्टोव्हचा पिवळा उजेड बाहेर आला. आत पितळी डबा दिसत होता. हेल्मेटची कडा आणि पांढरे केस दिसत होते. अक्का वळणाला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. ती त्यांना आठवत होती त्याच्या निम्मीच होती.

"आलं का?" ती म्हणाली. या वेळी परत सांगते म्हणाली नाही.

"आलं," टिपणीस म्हणाले.

पत्र अर्धं आत गेलं. दुसऱ्या टोकाला तिची बोटं लागली. टिपणिसांनी क्षणभर त्यांच्याकडचं टोक धरून ठेवलं, कारण आणखी एकदा वाचून बघावं असं त्यांना वाटलं. मग सोडलं.

"निघालीस की नाही?" खालून तांडेल ओरडला, जणू ती त्याचीच कुणी होती. "म्हातारे, चल! सामान नंतर आणतो!"

आत कागद फाडल्याचा आवाज झाला. अक्का कडा नेहमी नखाने उघडत असे. तिने स्टोव्हपाशी पत्र धरलं आणि भराभर, एका दमात, मोठ्याने वाचलं. खोडलेला शब्दसुद्धा वाचला. 'कळावे, वामन'पर्यंत पोचली आणि तिने श्वास सोडला.

"कुणी गेलेलं नाही," ती म्हणाली. "बरं झालं."

"अक्का, आता ये."

भोंगा झाला. डोंगरापलीकडे कुठेतरी दोरी ओढली गेली आणि लाइन टिपणिसांच्या मांड्यांखाली थरथरू लागली. फटीतून त्यांनी हात आत घातला, कोपरापर्यंत. तिने हाताकडे बघितलं नाही. तिने घडी सरळ केली, हेल्मेट जरा मागे सारलं, आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली.